वाचकांचे प्रश्न : झोपेत उठून खाल्ले आणि सकाळी काहीच आठवत नाही

झोपेच्या तक्रारींविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे रात्री उठून खाण्याविषयी आहेत. वरवर पाहता ती एकाच तक्रारीची वाटतात, परंतु प्रत्येक पत्रामागचे कारण वेगळे आहे आणि उपायही त्यामुळे वेगळा आहे. म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात एक विचित्र प्रकार चालू आहे. सकाळी स्वयंपाकघरात गेले, की ओट्यावर साखर सांडलेली असते, तुपाच्या बरणीत चमचा तसाच असतो, लाडवांचा डबा अर्धा झालेला असतो. एकदा परातीत झाकून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्याचा लचका तोडलेला होता आणि माझ्या नखांत पीठ वाळलेले होते. यातले मला काहीही आठवत नाही. सुरुवातीला मी मुलांनाच रागावले. नंतर एका रात्री यजमानांनी मला लोणच्याचा खार वाटीत घेऊन नुसताच खाताना पाहिले. त्यांनी हाक मारली तेव्हा मी चिडून “जेवू द्या ना” असे म्हणाले आणि जाऊन झोपले, असे ते सांगतात. सासूबाईंना वाटते, की मी बारीक होण्यासाठी दिवसा हात आखडून जेवते आणि रात्री चोरून भरपाई करते. शेजारच्या बाईंनी तर एका देवऋष्याचे नाव सुचवले. माझे वजन वाढले आहे आणि सकाळी भूक अशी लागतच नाही. अंथरुणाला पाठ टेकली, की पायांत काहीतरी वळवळते आणि उठून चार पावले चालावेसे वाटते. त्यामुळे झोप येत नसे, म्हणून गेल्या वर्षापासून डॉक्टरांनी दिलेली झोल्पिडेमची गोळी रोज घेते. लहानपणी मी झोपेत चालत असे, असे आई सांगते. हा मनाचा आजार आहे का? स्वयंपाकघराला कुलूप लावावे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘मला काहीही आठवत नाही’ हे आहे, आणि ते खरे धरूनच पुढचे सर्व लिहीत आहे. चोरून खाणाऱ्या माणसाला आपण काय खाल्ले हे पक्के ठाऊक असते. तो डबा पुन्हा जागेवर ठेवतो, सांडलेले पुसतो आणि खातो तेही चवीचे. कच्ची कणीक आणि नुसता खार कोणी लपून खात नाही. सासूबाईंना एवढे जरी पटले, तरी घरातील निम्मा ताण कमी होईल.

झोपेतून अर्धवट जाग येऊन, पूर्ण भान नसताना, पुन्हा पुन्हा खाण्याच्या या प्रकाराचे सविस्तर वर्णन अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील कार्लोस शेंक, मार्क महोवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये केले. दिवसा होणाऱ्या खाण्याच्या विकारांपेक्षा हा प्रकार वेगळा आहे, हे त्यांनी रुग्णांची झोप रात्रभर यंत्रांवर नोंदवून दाखवले. आज त्याला ‘स्लीप रिलेटेड ईटिंग डिसऑर्डर’ म्हणतात आणि त्याची गणना झोपेत चालण्याच्या कुळातच होते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण जास्त आढळते आणि त्रासाची सुरुवात बहुधा तरुण वयात होते, तरी आपल्या वयात तो नव्याने सुरू होणे मुळीच दुर्मीळ नाही, विशेषतः एखादे औषध चालू असेल तर. खाल्ले जाणारे पदार्थ बहुधा गोड, तुपकट, पिठूळ असतात, आणि पुष्कळदा दिवसा त्या व्यक्तीला न आवडणारेही असतात. वैद्यकीय नोंदींत मिठाचे सँडविच, लोणी लावलेली सिगारेट आणि मांजराचे खाद्य खाल्ल्याची उदाहरणे आहेत. आपली कणीक त्या मानाने बरीच सभ्य म्हणावी लागेल. या खाण्यामागे खरी भूक क्वचितच असते. रात्री भरपेट जेवून झोपणारी माणसेही उठून खातात, आणि मध्येच कोणी अडवले तर चिडतात, जशा आपण चिडलात.

हे कसे घडते, याची कल्पना असणे उपयोगाचे आहे. झोप लागली म्हणजे सबंध मेंदू एकाच वेळी थांबला, असे होत नाही. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात सर्वांत गाढ झोप असते. तिच्यातून बाहेर येताना कधी कधी हालचाल सांभाळणारे भाग जागे होतात आणि विचार, निर्णय व आठवण सांभाळणारे भाग झोपेतच राहतात. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांना २००० मध्ये एका १६ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र तो झोपेत चालत असताना टिपता आले. त्यात काही भागांचा रक्तप्रवाह गाढ झोपेतल्यापेक्षा वाढलेला होता, तर कपाळामागचे, भान आणि विवेक राखणारे भाग जाग्या माणसाच्या तुलनेत मंद होते. अशा अवस्थेत माणूस वर्षानुवर्षे हाताला बसलेली कामे करू शकतो, म्हणजे दिवा लावणे, फ्रिज उघडणे, डब्याचे झाकण काढणे, अगदी गॅस पेटवणेसुद्धा. कच्चे आणि शिजलेले, खाण्याचे आणि न खाण्याचे यांतला भेद मात्र त्याला करता येत नाही. स्मृतीची नोंद झालेलीच नसल्यामुळे सकाळी आठवण काढायला काही उरत नाही. अर्थात काही रुग्णांना पुसटसे आठवते, आणि एकाच व्यक्तीला एखाद्या रात्रीचे आठवते व दुसऱ्या रात्रीचे नाही, असेही होते.

आता आपल्या पत्राकडे वळू. आपण तीन गोष्टी शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत, त्या म्हणजे पायांची वळवळ, झोपेची गोळी आणि लहानपणचे झोपेत चालणे. माझ्या मते दुखणे याच तीन गोष्टींत आहे. त्यांचा क्रम लक्षात घेतला म्हणजे खाण्यापर्यंतची वाट स्पष्ट दिसते.

लहानपणचे चालणे ही पार्श्वभूमी झाली. ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील मुलांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीत आईवडिलांपैकी कोणीच झोपेत चालत नसेल तर मुलांत हे प्रमाण २२.५ टक्के, एक जण चालत असेल तर ४७.४ टक्के आणि दोघेही चालत असतील तर ६१.५ टक्के आढळले. बहुतेकांचे चालणे किशोरवयात थांबते, परंतु गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्याचा मेंदूचा कल टिकून राहतो आणि पुढे एखादे निमित्त मिळाले की तो पुन्हा वर येतो.

दुसरी गोष्ट पायांची. बसल्यावर किंवा पडल्यावर पायांत सुरू होणारी, संध्याकाळनंतर वाढणारी आणि चालले की तेवढ्यापुरती थांबणारी वळवळ हे ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ या विकाराचे जवळजवळ पुस्तकी वर्णन आहे. कोणी मुंग्या चालल्यासारखे सांगतात, कोणी हाडांत शिवशिवल्यासारखे, तर कोणाला ‘पायांना काहीतरी होते’ एवढेच सांगता येते. रुग्ण डॉक्टरांकडे जाऊन पायांविषयी बोलतच नाही, ‘झोप येत नाही’ एवढेच सांगतो, आणि त्याला झोपेची गोळी मिळते. या विकाराच्या रुग्णांमध्ये रात्री उठून खाण्याची ओढ पुष्कळ आढळते, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. जी अस्वस्थता त्यांना अंथरुणातून उठवते, तीच त्यांना फ्रिजपर्यंत नेते.

तिसरी गोष्ट गोळीची, आणि येथे गाठ पडते. झोल्पिडेम अर्ध्या तासाच्या आत गुंगी आणते, परंतु पायांची अस्वस्थता ते दूर करत नाही. त्यामुळे माणूस उठायचा तो उठतोच. फरक इतकाच, की आता विवेक आणि स्मृती औषधाच्या अमलाखाली असताना तो उठतो. पूर्वी आपण चार पावले चालून परत येत होतात आणि ते आपल्याला आठवत होते. आता आपण स्वयंपाकघर गाठता आणि ते आठवत नाही. या औषधाने झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, खाणे, इतकेच नव्हे तर वाहन चालवणे असे प्रकार घडल्याच्या तक्रारी येत गेल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये झोपेच्या औषधांवर तशी सूचना छापण्यास सांगितले. २०१९ मध्ये झोल्पिडेम आणि त्याच्या जातीच्या दोन औषधांवर सर्वांत कडक, चौकटीतील इशारा आला. त्यामागे २६ वर्षांत नोंदल्या गेलेल्या ६६ गंभीर घटना होत्या आणि त्यांपैकी २० जणांचा मृत्यू झाला होता. ज्या व्यक्तीला असा प्रकार एकदा झाला आहे तिला ही औषधे देऊ नयेत, असे त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले आहे. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडत असल्यामुळे २०१३ मध्ये तेथे स्त्रियांसाठीची नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली गेली होती. आपल्या पाकिटावर किती मिलिग्रॅम छापले आहे, ते आजच पाहून ठेवा.

आपल्याकडे झोल्पिडेम ‘अनुसूची एच-१’ मध्ये आहे. म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि औषधविक्रेत्याने विक्रीची वेगळी नोंदवही ठेवायची असते. प्रत्यक्षात जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने तीच गोळी आणणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आपल्या बाबतीतही वर्षभर गोळी चालू राहिली आणि मधल्या काळात पायांविषयी कोणी विचारले नाही, असे दिसते.

तेव्हा उद्याच डॉक्टरांना भेटून रात्रीचा सगळा प्रकार न संकोचता सांगा. अशा व्यक्तीने ही गोळी पुढे घेऊ नये, हे निश्चित. परंतु वर्षभर रोज घेतलेली गोळी कशी सोडायची, लगेच की टप्प्याटप्प्याने, हे त्यांनीच ठरवावे, कारण ती एकदम सोडल्यास काही दिवस झोप पूर्वीपेक्षा वाईट होऊ शकते आणि मात्रा मोठी असल्यास क्वचित झटकेही येऊ शकतात. गोळी थांबल्यावर पुष्कळांचे झोपेतले खाणे तेवढ्यानेच थांबते. त्याच भेटीत हिमोग्लोबिनबरोबर सीरम फेरिटिनची तपासणी करून घ्या. येथे एक बारकावा आहे. फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाचा साठा. प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘सामान्य’ मर्यादा बरीच खालून सुरू होते, त्यामुळे १८ किंवा २० असा आकडा आला तरी कागदावर सर्व ठीक दिसते. रेस्टलेस लेग्जच्या रुग्णांत मात्र हा आकडा ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल, तरी लोह देण्याचा विचार करावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत. अशा देशात पायांची तक्रार करणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या लोहाची चौकशी आधी व्हायला हवी. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतलेली बरी. साठा भरून येण्यास काही आठवडे ते महिने लागतात. तेवढ्याने भागले नाही तर पायांसाठी वेगळी औषधे आहेत, आणि गोळी थांबवून, पाय शांत होऊनही खाणे चालूच राहिले तर टोपिरामेटसारखे औषध तज्ज्ञ विचारपूर्वक देतात. सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या काही गोळ्या आणि काही उलटीविरोधी औषधे पायांची वळवळ वाढवतात, म्हणून घरच्या घरी काही घेताना विचारून घ्या. देवऋष्याच्या अंगाऱ्याने फेरिटिन वाढत नाही, हे शेजारच्या बाईंना सांगायला हरकत नाही.

यजमानांना एक प्रश्न मी मुद्दाम विचारतो. पत्नी झोपेत मोठ्याने घोरतात का, आणि मध्येच त्यांचा श्वास थांबून धाप लागल्यासारखा पुन्हा सुरू होतो का? झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारात, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियात, रात्रभर अर्धवट जाग येत राहते आणि तेही झोपेतल्या खाण्याचे निमित्त ठरू शकते. तसा संशय असेल, किंवा निदानाविषयी शंका राहिली, तर व्हिडिओसह रात्रभराची झोप-तपासणी करावी लागते. मोठ्या शहरांतील झोप-चिकित्सा केंद्रांत ती होते.

हा मनाचा आजार आहे का, या प्रश्नाचे उत्तर असे, की मूळ बिघाड झोपेचा आहे, इच्छाशक्तीचा किंवा चारित्र्याचा नाही. ताण, अपुरी झोप आणि दिवसभर अति कमी जेवणे यांनी तो वाढतो, हेही तितकेच खरे. वजन वाढल्यामुळे आपण दिवसाचे जेवण कमी केले असेल तर ते पूर्ववत करा. सकाळी भूक नसणे हे रात्रीच्या खाण्याचा परिणाम आहे, वेगळा आजार नव्हे.

कुलपाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. अर्धवट जागा झालेला माणूस बंद दाराशी झटतो, पडतो, चिडतो, आणि खाणे थांबले तरी उठणे थांबत नाही. त्याऐवजी धोका कमी करा. रात्री गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करण्याचे काम यजमानांनी अंगावर घ्यावे. सुऱ्या आणि विळी नजरेआड, तर फिनेल, अ‍ॅसिड, डांबरगोळ्या आणि उंदराचे औषध उंचावरच्या कुलूपबंद कपाटात असावे, कारण या अवस्थेत बाटलीवरचे लेबल वाचले जात नाही. स्कूटरची किल्ली यजमानांच्या उशाखाली राहू द्या. झोपण्याच्या खोलीच्या दाराला एक छोटी घंटी बांधली, की ते जागे होतील. तेव्हा त्यांनी वाद न घालता, हळू आवाजात बोलत आपल्याला परत अंथरुणाकडे आणावे आणि कोणत्या रात्री, किती वाजता, काय खाल्ले, हे वहीत टिपून ठेवावे. मोबाइलवर मिनिटभराचे चित्रीकरण झाले तर डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल. मात्र ते चित्रीकरण नातेवाइकांच्या गटावर फिरता कामा नये.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा असून बँकेत नोकरी करतो. रोज रात्री दोनच्या सुमारास जाग येते आणि काही खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप लागतच नाही. चिवडा, बिस्किटे, दूध-पोळी, जे हाताला लागेल ते खातो. सर्व काही आठवते, आणि सकाळी स्वतःची लाज वाटते. नाश्त्याची इच्छा नसते, पण संध्याकाळी घरी आल्यापासून तोंड चालूच असते. मलाही झोपेत खाण्याचा विकार आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण झोपेत खात नाही, जागेपणी खाता. हा फरक शब्दांचा नाही, उपचाराचा आहे. आपले वर्णन ‘नाइट ईटिंग सिंड्रोम’शी जुळते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये लठ्ठ रुग्णांच्या अभ्यासातून त्याचे वर्णन केले. सकाळी भूक नाही, संध्याकाळनंतर खाणे अति आणि रात्री झोप मोडलेली, असे त्याचे स्वरूप त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. आजच्या निकषांनुसार दिवसभराच्या आहारापैकी किमान चतुर्थांश भाग रात्रीच्या जेवणानंतर पोटात जात असेल, किंवा आठवड्यातून किमान दोनदा रात्री उठून खाल्ले जात असेल, आणि ते आठवत असेल, तर या निदानाचा विचार होतो. लठ्ठ नसलेल्या माणसांतही तो आढळतो.

यात झोपेच्या घड्याळाच्या मानाने भुकेचे घड्याळ मागे पडलेले असते. म्हणून उपायाची सुरुवात रात्रीपासून न करता सकाळपासून करावी. भूक नसली तरी उठल्यावर तासाभरात थोडेसे, एखादे अंडे, मूठभर उसळ किंवा अर्धी भाकरी, खाल्ले पाहिजे, दुपारचे जेवण डेस्कवर उभ्या उभ्या उरकता कामा नये, आणि चार-पाचच्या सुमारास एक नीट खाणे झाले पाहिजे. दोन-तीन आठवडे हे नेटाने पाळल्यावर संध्याकाळचा जोर ओसरू लागतो. ‘खाल्ल्याशिवाय झोप येणारच नाही’ ही खात्री मोडण्यासाठी समुपदेशनाची एक ठरावीक पद्धत उपयोगी पडते आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालीनसारखे औषध देतात. या त्रासाबरोबर उदासपणा पुष्कळदा असतो, म्हणून त्याविषयी विचारले तर मोकळेपणाने सांगा. त्याआधी मात्र उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. आणि रात्री दोनला जे उठवते ते पोटातील जळजळ किंवा दुखणे असून खाल्ल्यावर ते शमत असेल, तर प्रश्न पोटाच्या डॉक्टरांचा आहे.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे असून मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी आणि रात्री इन्सुलिन घेतात. गेल्या महिन्यात दोनदा ते पहाटे उठून साखरेच्या डब्यात हात घालून बसलेले दिसले. अंग घामाने भिजलेले होते आणि ते असंबद्ध बोलत होते. साखर खाल्ल्यावर थोड्या वेळाने ठीक झाले, पण त्यांना आठवत नाही. हेही झोपेत चालणेच का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही, असेच धरून चाला. घाम, गोंधळ, गोडाची ओढ आणि गोड खाल्ल्यावर सुधारणा ही रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरल्याची खूण आहे, आणि या वयात ती जिवावर बेतू शकते. हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता आपण डॉक्टरांकडे गेला असाल, अशी आशा आहे. गेला नसाल तर आजच जा आणि दोन्ही औषधांच्या मात्रा तपासून घ्या. मूत्रपिंडाचे काम वयानुसार मंदावते, त्यामुळे ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो. म्हणून क्रिएटिनिनची तपासणीही करावी लागेल. रात्रीचे जेवण कमी झाले आहे का किंवा टाळले जाते का, हेही पाहा. एकादशीच्या दिवशी नेहमीचीच मात्रा घेतली जाते आणि त्याच पहाटे असा प्रकार घडतो, असे घराघरांतून ऐकायला मिळते.

पुन्हा तसे दिसल्यास ग्लुकोमीटरवर साखर मोजा. ती ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्रच जवळ नसेल, तर ते शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सुधारल्यावर पोळी-दूध असे काहीतरी खायला द्या. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पुढील काही रात्री दोन-तीनच्या सुमारास साखर मोजून लिहून ठेवा. डॉक्टरांना मात्रा ठरवताना त्याच आकड्यांची गरज पडते.

प्रश्न : माझा १० वर्षांचा मुलगा झोप लागल्यावर दीड-दोन तासांनी उठतो, स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडतो, कधी केळे सालासकट चावतो आणि परत येतो. परीक्षेच्या दिवसांत हे वाढते. झोपेत चालणाऱ्याला जागे केले तर त्याला धक्का बसतो, असे म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जागे केल्याने मुलाला अपाय होत नाही. तो गोंधळतो, रडतो, कधी हात उगारतो, एवढेच. परंतु जागे करण्याची गरजही नसते. खांद्याला हात लावून शांतपणे परत नेले, की तो बहुधा विनातक्रार झोपतो. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर त्या प्रसंगाची थट्टा होणार नाही, याची काळजी घ्या.

झोप लागल्यानंतर दीड-दोन तासांची वेळ आणि १० वर्षांचे वय या दोन्ही गोष्टी साध्या निद्राभ्रमणाकडे बोट दाखवतात. वर उल्लेखिलेल्या क्वेबेकच्या पाहणीतही सर्वाधिक प्रमाण, १३.४ टक्के, याच वयात आढळले होते. मुलांत हे चालणे पुष्कळदा वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटते. परीक्षेच्या दिवसांत ते वाढते, याचे एक सरळ कारण अपुरी झोप हे असू शकते. झोप तुटलेला मेंदू पुढच्या रात्री अधिक गाढ झोपतो आणि त्या गाढ झोपेतूनच हे प्रकार उद्भवतात. म्हणून पहाटे पाचला उठवून अभ्यासाला बसवणे आधी बंद करा. मुलाला दररोज रात्री ठरावीक वेळी झोपेत उठून चालण्याची सवय असेल, तर त्या वेळेच्या १५ ते ३० मिनिटे आधी त्याला हलकेच जागे करून पुन्हा झोपू देण्याचा प्रयोग दोन-तीन आठवडे करून पाहावा. अनेक मुलांत त्याने चालणे थांबते. खिडक्या, गच्चीचे दार आणि जिन्याचे फाटक बंद ठेवणे ओघाने आलेच. मुलगा तोंडाने श्वास घेत घोरत असेल तर टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड तपासून घ्या. एकाच रात्री अनेकदा, दर वेळी हुबेहूब तीच हालचाल, शरीर ताठ होणे किंवा अंथरुणात लघवी, असे काही दिसले, तर मात्र फिट्सचा विचार करावा लागतो आणि मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांची भेट लांबवू नये.

प्रश्न : मला मानसोपचारतज्ज्ञांनी क्वेटियापिन आणि मिर्टाझापिन सुरू केल्यापासून मन पुष्कळ स्थिर आहे, पण रात्री उठून खाल्ल्याच्या खुणा सकाळी दिसतात. औषधे बंद करू का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : स्वतःच्या मनाने बंद करू नका. या दोन्ही औषधांनी भूक आणि वजन वाढते, आणि झोपेत खाण्याचे प्रकारही त्यांच्या वापरात नोंदले गेले आहेत. आपली शंका त्यामुळे रास्त आहे. परंतु ज्या आजारासाठी ती दिली आहेत तो औषध एकदम तोडल्यास उलटण्याचा धोका रात्रीच्या खाण्याहून मोठा असू शकतो. मिर्टाझापिनने पायांची वळवळ सुरू होऊ किंवा वाढू शकते, म्हणून पहिल्या उत्तरातील पायांविषयीचा भाग आपणही वाचावा. त्रास कोणते औषध सुरू केल्यावर, किती दिवसांनी आणि कोणत्या मात्रेवर सुरू झाला, हे तारखांसह लिहून आपल्याच डॉक्टरांना दाखवा. मात्रा बदलणे किंवा दुसरे औषध निवडणे या वाटा त्यांच्याजवळ आहेत. मद्य घेत असाल, तर निदान औषधांच्या रात्री ते पूर्ण वर्ज्य करा, आणि झोप येण्यासाठी कोणाकडून झोल्पिडेम मागून त्यात भर घालू नका.